आपली सगळी

"दिवेलागणीला किनाऱ्यावर कुणाला नावानं हाक मारू नये गं, मृणाल. बुडालेले ओ देतात," मथुआत्यानं सुट्टीला आलेल्या भावजयीला बजावलं.

"मग काय, शिट्टी मारू?" मृणाल हसली, आणि तिनं खरंच मारली.

एरवी दर मे महिन्यात आत्याच हाळी द्यायची, "चला रे, आपली सगळी!" समुद्रात डुंबणारी भाचरं विहिरीपाशी रांग लावायची, आणि ती एकेकाच्या डोक्यावर तांब्याभर गोडं पाणी ओतून मीठ उतरवायची. रांगेत शेवटी तिची बुडालेली लेक शेवंतीही असायची. आपल्यांतून आईनं तिला कधी वगळलंच नव्हतं.

शिट्टीला मात्र भाचरंच आली. न्हाऊन घरात पळाली, आणि आत्याच्या हातातला शेवटचा तांब्या भरलेलाच राहिला.

लेकीपुढे कसली रीत नि कसलं काय! "शेवंते, ये गं!" आत्या घसा फोडून ओरडली.

समुद्रभर "ओ" उठली.

मृणाल दारात आली, तर विहिरीपासून पार लाटांपर्यंत ओल्या डोक्यांची रांग लागलेली. सगळ्यांत पुढे शेवंती.

"बघतेस काय मेले?" आत्या म्हणाली. "पदर खोच आणि पाणी ओढ!"