काकूंचा हुंकार

माणसाने विस्मृतीवर अंतिम विजय मिळवला होता. खांबेटे यांच्या बाबतीत मात्र तो विजय सकाळपासून तीनदा बासष्ट टक्क्यांवर अडकला होता.

दुपारी त्यांच्या मेंदूची शस्त्रक्रिया होती. त्याआधी आठवणींचा बॅकअप पूर्ण झाला नाही, तर शुद्धीवर आल्यावर ते बायकोला, कुमुदिनीबाईंनाही ओळखणार नव्हते. डोक्याला तारा लावून ते आयुष्य मोठ्याने सांगत होते आणि मध्येच कनेक्शन तुटत होतं.

तंत्रज्ञ रेवती ताजणेने केबल बदलली, मशीन बंद करून चालू केलं, शेवटी मशीनमधल्या आवाजाच्या नोंदी तपासल्या.

"काकू, तिन्ही वेळा तुम्ही बाहेर गेला होतात?"

"यांचा साहेबाचा किस्सा सुरू झाला की मी चहाला जाते," कुमुदिनीबाई ओशाळल्या.

"तिथेच घोळ आहे. समोरून हुंकार आला नाही की काका थबकतात. दोन मिनिटं शांतता झाली की मशीनला वाटतं, माणूस गेला. तुम्ही नुसतं 'हं' म्हणत बसा."

"एवढंच? चाळीस वर्षं दुसरं काय करतेय?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. साहेबाचा किस्सा आला. कुमुदिनीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "हं." बासष्ट गेले, ऐंशी गेले, शंभर झाले! त्यांनी पदराने डोळे टिपले.

"ऐकत होतीस ना गं?" खांबेट्यांनी विचारलं.

"हं."

तारा काढणाऱ्या रेवतीला कुमुदिनीबाईंनी हळूच बाजूला घेतलं.

"बाळ, तो माझा 'हं' रेकॉर्ड झाला असेल, तर मोबाईलवर देशील? घरी लावून ठेवीन म्हणते."