गुलाबी हानबोक

एकेचाळीस नंबरचा पुकारा झाला तोवर चौघी मैत्रिणींनी पाऊण तास फुटपाथवर काढला होता. चुनछन शहरातल्या त्या कोंबडीच्या खानावळीबाहेर दुपारची रांग असायचीच. चुनजाने ओकबूनचा दंड धरला आणि आजाऱ्याला न्यावं तसं तिला आत नेलं. ओकबूनचा नवरा जाऊन पन्नास दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आदल्या दिवशीच उरकले होते, आणि आज मैत्रिणींनी तिला ओढूनच घराबाहेर काढलं होतं.

"भिंतीकडे बस, टेकायला होईल," मल्सुक म्हणाली.

ह्येरान समोर बसली. रांगेतही ती फारसं बोलली नव्हती.

वाढणारी मावशी आली. टेबलाच्या मधोमध बसवलेल्या थाळ्याएवढ्या लोखंडी तव्यात तिने कोंबडीचे तुकडे, कोबी आणि रताळ्याच्या फोडी ओतल्या, वर लाल तिखटाचा गोळा सोडला. परतता परतता ती ह्येरानकडे बघून हसली.

"काय हो, आले का लेक-जावई फिरून? तुम्ही वाटलेल्या तांदळाच्या वड्या आम्ही चार दिवस पुरवून खाल्ल्या."

"आले," ह्येरान म्हणाली.

मल्सुकने पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. मावशी दुसऱ्या टेबलाकडे गेली.

हॉल मिळाला नाही, ह्येरानच्या लेकीचं लग्न पुढे ढकललंय, आता वसंतातच, असं ओकबूनला सांगितलं होतं. सांगायला तिघी मिळून आल्या होत्या.

"कधी झालं?" तिने विचारलं.

"ठरल्या तारखेलाच," ह्येरान म्हणाली. "तुझ्याकडे तर हे असं. अकराच दिवस झाले होते. सुतकात कुणी लग्नाला येत नाही, ओकबून. तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना. मी आलेच नसते. मग खोटं कशाला बोललात?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," चुनजा म्हणाली. "तुझ्यासाठीच गं सगळं."

तव्यातलं तिखट रटरटायला लागलं होतं. ओकबूनने हात पुढे केला.

"फोटो दाखव."

ह्येरानने फोन दिला. नवरी गोड दिसत होती. पण ओकबून नवरीकडे बघत नव्हती. चाळीस वर्षं तिने लोकांच्या लग्नाकार्यांचे हानबोक, ते घेरदार पारंपरिक पोशाख, शिवले होते. ह्येरानने लेकीच्या लग्नात घालायचा हानबोक तिने कमळाच्या रंगाच्या रेशमाचा शिवला होता, सगळा हाताने, हॉस्पिटलात नवऱ्याच्या पलंगाशी बसून. शेवटी शेवटी तिला सुईचं नाक दिसेनासं झालं, तेव्हा तो पडल्या पडल्या दोरा ओवून द्यायचा. तेवढंच काम त्याच्याच्याने होत होतं, आणि ते त्याला आवडायचं.

फोटोतल्या ह्येरानच्या अंगावरचा गुलाबी भडक होता. गळ्यापाशी चुणी पडली होती. भाड्याचा.

"माझा कुठाय?"

"सासूबाईंनी घालू दिला नाही," ह्येरान म्हणाली. "म्हणाल्या, मरणाऱ्याच्या उशाशी बसून शिवलेलं, घरातलं पहिलंवहिलं कार्य. मी काय करणार होते? त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय का?"

ओकबूनने फोन तिच्यापुढे सरकवला.

"बरं. नाही घातलास तर नाही. मला परत दे. उसवून ठेवीन. कापड चांगलं आहे."

मल्सुकच्या पोटात शाळेपासून काही राहत नसे.

"ओकबून, ती गल्लीच्या तोंडाशी जुने कपडे टाकायची पेटी असते ना..."

"मल्सुक," चुनजा म्हणाली.

"घडी नीट घातली होती मी," ह्येरान घाईघाईने म्हणाली. "कागदात गुंडाळून टाकला. तसाच नाही टाकला."

ओकबूनने मान हलवली. हो की नाही, ते त्या हलण्यातून कळलं नाही.

कोंबडी शिजली होती. चुनजाने चिमट्याने उचलून उचलून तिच्या बशीत ढीग केला. "खा, किती वाळलीस बघ." मल्सुकने त्यावर रताळ्याच्या फोडी ठेवल्या. ओकबून खाऊ लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि तिखट जबर होतं. नाक वाहायला लागलं तसं तिने रुमालाने पुसलं. तिघींना वाटलं ती रडतेय, आणि तिघींनीही दुसरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिने बशी रिकामी केली, हाडं एका बाजूला नीट लावली.

मावशी पुन्हा आली. उरलेल्या मसाल्यात तिने भात टाकला, परतला आणि उलथन्याने दाबून तव्यावर पातळ पसरला.

"आता बश्या नकोत," ती म्हणाली. "चौघी तव्यातूनच घ्या. खाली खरपुडी धरलीय."

ती गेली. ओकबूनने चमचा थेट मधोमध घातला, तळापासून खरपुडीसकट भात उचलला आणि खाल्ला. मग तिथूनच दुसरा घास घेतला. बाकीचे तीन चमचे टेबलावर तसेच पडून होते.

"थांबलात का?" ती म्हणाली. "घ्या की."

चुनजाने आणि मल्सुकने ह्येरानकडे पाहिलं. ह्येरानने चमचा उचलला, आणि आपल्या बाजूचा, अगदी कडेचा घासभर भात खरवडून घेतला.