वाक्यात उपयोग

“सर, पिरिऑडिकल म्हणजे काय हो?” शेजारच्या नलूताईंनी विचारलं.

इंग्रजीचे निवृत्त शिक्षक पेठकर सर खुलले. “नियतकालिक. ठरलेल्या मुदतीने निघतं ते. करा बघू वाक्यात उपयोग!”

“उषावहिनींची कथा पिरिऑडिकलमध्ये छापून आली.”

सरांचा चेहरा उतरला. आजवर त्यांची प्रत्येक कथा संपादकांनी साभार परत पाठवली होती. बायकोची मात्र पहिलीच छापून आली. “वाक्य बरोबर आहे,” म्हणून ते तणतणत स्वयंपाकघरात गेले.

“अहो, नवी कथा लिहिलीय. ऐकता?” उषाताईंनी भीतभीत विचारलं.

चुका काढायच्याच, या इराद्याने सर ऐकायला बसले. कथा संपली, तरी एकही सापडेना. मनात जळफळाट होताच, पण डोळेही भरून आले होते.

“संपादकांनी सांगितलं तरी शेवट बदलू नकोस,” सर कसेबसे म्हणाले.