कोपऱ्यातला काळा डाग

"डाग फक्त रविवारीच दिसते," गोदावरीबाई म्हणाल्या आणि पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला.

आसगावच्या चौकात तृप्तीचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. तिच्याकडे नाना तऱ्हेच्या तक्रारी यायच्या, पण वार पाहून पडणारा डाग तिनं पहिल्यांदाच ऐकला.

"रविवारीच काहून, काकू?"

"वीरेंद्रचा फोन येते तवा. बाकी दिवशी पडदा कोरा. त्याचं तोंड दिसलं का खाली कोपऱ्यात काळा चौकोन येते. पदरानं पुसला, जात नाही."

लॅपटॉप वीरेंद्रचाच, जुना. हैदराबादहून दोन दिवसांसाठी आला तेव्हा आईसाठी ठेवून गेला. हिरवं बटण दाबायचं, एवढं शिकवलं आणि दसऱ्याच्या आदल्याच दिवशी परत गेला. सुट्टी नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी अकराला लॅपटॉप वाजायचा. पाच मिनिटं, फार तर सात. गोदावरीबाईंचा सगळा आठवडा त्या सात मिनिटांच्या आधाराने चालायचा. बाकीचे सहा दिवस घरात बोलायला भिंती होत्या, आणि भिंतींना त्यांच्या गुडघ्याचं काही पडलं नव्हतं. रविवारी मात्र त्या सकाळीच न्हायच्या, केसांना तेल लावायच्या, ठेवणीतलं पातळ नेसून पडद्यासमोर ताठ बसायच्या.

"मस्त दिसून राहिली, आई," वीरेंद्र म्हणायचा. त्या एका वाक्यासाठी ट्रंकेतली पातळं एकेक करून बाहेर निघत होती.

डाग आधी त्यांना स्वतःच्या डोळ्यातच वाटला. पवनीच्या शिबिरात जाऊन त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला. लेकाला कळवलं नाही. काळा चष्मा पाहून विचारेलच की, असं त्यांच्या मनात होतं. त्या रविवारी चष्मा लावूनच बसल्या.

"मस्त दिसून राहिली, आई," वीरेंद्र म्हणाला.

थोडं लागलं मनाला. मग त्यांनीच त्याची बाजू घेतली. पोरगा बापावर गेला होता. बापही पाहायचा सगळं, बोलायचा काही नाही.

डोळा सुधारला, डाग होता तिथेच राहिला. आता त्यांना एकच धास्ती होती. हा डाग वाढत वाढत एखाद्या रविवारी लेकाचं तोंडच झाकून टाकेल.

"आधी साफ करू," तृप्ती म्हणाली. "मी सांगतो, तुम्ही करा. म्हणजे घरी पण जमन. पहिले बंद करा. आता चार्जर काढा. चालू मशीनले कपडा लावायचा नाही."

गोदावरीबाईंनी देवाची मूर्ती उचलावी तशा बेताने सगळं केलं.

"आता उलटा धरा अन् हलका हलवा."

टेबलावर धूळ पडली, दोन पांढरे केस पडले, आणि मागून चार-पाच तांदळाचे दाणे.

"लॅपटॉपले जेवू घालता का, काकू?"

"अक्षता व्हय त्या. दसऱ्याले पूजा केली होती. आपण विळ्याची करतो, नांगराची करतो, मंग याची काहून नाही? लेकाचं अवजार आहे."

तृप्तीनं बटणांच्या फटींतून फिरवायला मऊ ब्रश दिला. बाजूच्या जाळीतली धूळ काढायला लावली. गोदावरीबाईंनी घरून नवऱ्याच्या जुन्या धोतराचा तुकडा आणला होता.

"पाणी वरून टाकायचं नाही. कपडा ओला करा, घट्ट पिळा, मंग पुसा. पडद्यावर जोर नाही द्यायचा."

त्यांनी पडदा खालून वर पुसत नेला. वरच्या काठावर मधोमध पूजेच्या हळदीकुंकवाचं बोट वाळून घट्ट बसलं होतं. त्याला त्यांनी वळसा घातला. पूजेचं कुंकू कसं पुसायचं?

पडदा वाळल्यावर लॅपटॉप चालू केला. लख्ख होता.

"कुठे आहे डाग?"

"आज शनिवार आहे ना," गोदावरीबाई म्हणाल्या.

तृप्ती हसली आणि तिनं आपल्या मोबाइलवरून त्यांना व्हिडिओ फोन लावला. हिरवं बटण दाबताच पडद्यावर तृप्ती आली. खाली कोपऱ्यात काळा चौकोन.

"हा पाहा!"

तृप्तीनं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिनं मोबाइल खाली ठेवला, लॅपटॉपच्या वरच्या काठावर वाकून पाहिलं आणि नखानं ते कुंकू खरवडलं.

चौकोन उजळला. त्यात एक म्हातारी बसलेली होती. गोदावरीबाईंनी पदर सावरला, तिनंही सावरला.

"कॅमेरा आहे इथे, काकू. तिकडच्याले तुम्ही यातून दिसता."

"अन् हे कुंकू असलं तर?"

तृप्ती टेबलावरचे तांदूळ गोळा करत राहिली. "तर सगळं काळं दिसते."

गोदावरीबाईंनी बोटांवर महिने मोजले. दसऱ्याला चार महिने होऊन गेले होते. त्यांनी लॅपटॉप धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि घरचा रस्ता धरला.

रविवारी त्या नेहमीसारख्या न्हाल्या. केसांना तेल लावलं. ट्रंकेतलं शेवटचं, हिरव्या काठाचं पातळ नेसल्या आणि लॅपटॉप उघडून बसल्या. वरच्या काठावरची ती इवलीशी काच आता चकचकीत दिसत होती. बराच वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

अकराला पाच कमी असताना त्या उठल्या. देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला, दोन थेंब पाणी घालून बोटानं घट्ट कालवलं आणि काचेवर, पहिल्याच जागी, नीट टेकवलं.

लॅपटॉप वाजला. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि ताठ बसल्या.

"मस्त दिसून राहिली, आई," वीरेंद्र म्हणाला.