हिरवी खूण

सुताराने पाळण्याच्या उशाकडच्या फळीवर खडूने लिहिलं, ‘चुकलं माझं. घरी ये.’ मग चष्मा कपाळावर चढवून त्याने फळीचा फोटो काढला आणि कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरला जोडली.

याआधी पाळण्याच्या पायांचा फोटो झाला होता, मग कठड्याचा. दरवेळी लाकडावरचा खडूचा मजकूर वेगळा. पहिल्यावर नुसतं ‘कशी आहेस?’ होतं, आणि तेवढं लिहितानाही गड्याला घाम फुटला होता.

लेक स्वतःच्या मनाने लग्न करून निघाली, तेव्हा ‘पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस’ हे मात्र त्याच गड्याच्या तोंडून धडाधड निघालं होतं. आता फोनजवळ गेलं की त्याच तोंडाला कुलूप लागायचं.

कॉम्प्युटर लेकीचाच. ती होती तेव्हा बापलेक मिळून गिऱ्हाइकांना कपाटांचे फोटो पाठवत. तिनेच शिकवलं होतं, हे पान उघडायचं, फोटो आत टाकायचा, बटण दाबायचं. भला थोरला फोटो आवळून इवलासा होतो.

“आणि हे पान खात्रीचं, बाबा,” ती म्हणायची. “फोटो परक्याच्या हाती लागत नाही.”

हिरवी खूण आली की तो उठून रंधा हातात घ्यायचा, त्याच्या खुर्चीत ती बसायची, आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाचा फोन हजर.

आताही पट्टी भरत गेली. हिरवी खूण आली. सुतार हात झटकून उठला.

“पोरीचा फोन आला होता,” बायको चहा ठेवत म्हणाली. “बरी आहे. दिवस भरत आलेत.”

“माझ्याबद्दल काही?”

“चकार शब्द नाही. तुम्हीच करा की फोन. असे मूग गिळून किती दिवस बसाल?”

“तिच्या मनात असतं तर एव्हाना कळवलं असतं तिने.”

फोटोंचं त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. माफी मागायची ती मागायची, वर गाजावाजा कशाला? पण आतून तो पार खचला होता. इतके फोटो, आणि पोरीने हूं की चूं करू नये! बापावर गेलीय, हेकट मेली.

एका गिऱ्हाइकाने तो पाळणा कधीचा मागून ठेवला होता. सुताराने ठरवून टाकलं, आज उत्तर नाही आलं तर उद्या पाळणा देऊन मोकळं व्हायचं.

उत्तर आलं नाही. सकाळी गिऱ्हाइकाचा टेंपो आला. पाळणा उचलून दाराबाहेर निघाला, तेवढ्यात मागे टॅक्सी थांबली आणि पोट सांभाळत लेक उतरली.

“थांबा! खाली ठेवा तो!” सुतार ओरडला. “द्यायचा नाही!”

गिऱ्हाईक तोंड वासून बघत राहिलं. लेक दारात थबकली.

“हाकलणार असाल तर आत्ताच सांगा, बाबा. टॅक्सी उभीच ठेवलीय मी.”

“वेडी का काय! ये आत.” सुताराने टॅक्सीवाल्याला हातानेच जायला सांगितलं. “कालचा फोटो बघितलास ना? वाटलंच होतं मला, त्याने तरी पाघळशील.”

“कुठला फोटो?”

“बापाची फिरकी घेतेस होय?” त्याने तिला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. “ही बघ हिरवी खूण. सगळ्यांना आलीय.”

लेकीने एकेक फोटो उघडला. कशी आहेस? वेळेवर जेवतेस ना? चुकलं माझं. घरी ये. तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि रडता रडताच ती खुदकन हसली.

“अहो बाबा, या पानावर फोटो नुसते लहान होतात. कॉम्प्युटरच्या बाहेर ते कधी जातच नाहीत. गिऱ्हाइकांना पाठवायचे ना, ते तुम्ही उठून गेल्यावर मी.”