पाहुण्यांसमोर इतिहास

“इतिहास घेऊन काय करणार हाईस, सांग बरं पाहुण्यांना!” उद्धवरावांनी भर बैठकीत धाकट्या लेकीला विचारलं.

दिव्याच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. खरं तर पाहुणे आले होते थोरलीला, विजयश्रीला बघायला. पण दिव्याचा अकरावीचा अर्ज आजच भरायचा होता आणि बापलेकीचं काही केल्या जमत नव्हतं. तिला आर्ट्सला जाऊन इतिहास शिकायचा होता. त्यांना तिला सायन्सला घालायचं होतं. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनपुढे उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते, लेकीने तरी बसून कमवावं एवढीच त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी शक्कल लढवली. नवरामुलगा समर्थ डिप्लोमा झालेला. शिकल्यासवरल्या पाहुण्याने समजावलं की पोरगी मुकाट्याने ऐकेल, असा त्यांचा हिशेब होता.

“तुम्हीच सांगा, समर्थराव. मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून कुणाचं पोट भरलंय का?”

“तसं... आवड असेल तर...” एवढं बोलून समर्थ पुन्हा पोह्यांत शिरला.

मध्यस्थ अण्णासाहेबांनी लगेच सूत्रं हातात घेतली. कुणी न विचारता बोलायचं, या एका गुणावर त्यांनी कितीतरी लग्नं जमवली होती.

“अगं, समर्थकडे बघ! पहिल्या कंपनीत चिकटला तो चिकटला. पर्मनंट आहे आता. इतिहास शिकून हे होतं का?”

“व्हय की,” मुलाची आई सोजराबाई घाईने म्हणाल्या. “आणि आता नव्या कंपनीत गेला की पगार बी वाढंल.”

दिव्याने ट्रे खाली ठेवला आणि तिथेच मांडी घातली.

“काका, तुम्ही म्हणता पहिलीच कंपनी. काकू म्हणतात नवी. मग खरं कुठलं?”

“दिव्ये!” उद्धवराव गरजले.

“पप्पा, शाळेत बाई हेच शिकवायच्या. दोन जण दोन गोष्टी सांगत असतील, तर सांगणाऱ्याला ते कुठून कळलं हे आधी विचारायचं. काका, पर्मनंट आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सोजराबाईंनी.”

“आणि काकू, तुम्हाला?”

“मला?” सोजराबाईंनी पदर सारखा केला. “पोरगं रोज डबा घेऊन जातं की ओ!”

आता खोलीतल्या सगळ्यांनी समर्थकडे पाहिलं. इतका वेळ त्याच्याविषयी सगळे बोलत होते, त्याच्याशी मात्र कुणीच बोललं नव्हतं. त्याने बशी खाली ठेवली आणि त्याला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

“मी कंत्राटावर होतो. गेल्या महिन्यात ब्रेक दिला. रोज डबा घेऊन तळवड्याच्या कंपन्यांत जातो, काम शोधायला. कुणी विचारलं असतं तर आल्या आल्याच सांगितलं असतं.”

ब्रेक म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पोराला पर्मनंट करावं लागू नये म्हणून कंपनी त्याला मध्येच काही दिवस घरी बसवते. ते राहतात त्या अर्ध्या पिंपळे गुरवने ते दिवस काढले आहेत.

उद्धवराव ताडकन उठले. “खोटं बोलून लेक मागायला आलात?”

दिव्याच्या सगळं लक्षात आलं. ताईचं ठरत आलेलं लग्न तिनेच मोडलं होतं आणि त्याच्याबरोबर इतिहासही गेलाच होता. तरी तिने बापाचा हात धरला.

“पप्पा, थांबा. अजून निम्मंच कळलंय. का लपवलं, ते विचारायचं राहिलं.”

“काय करू, बाई?” सोजराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “ब्रेकवर हाय म्हणलं की लोक दारात उभं करीनात. पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय, पण त्याच्या फुडं कुणी ऐकूनच घेत न्हाई.”

“म्हणून फसवायचं? आमच्या वेळी असलं चालत नव्हतं! आमच्या वेळी माणसं खरं बोलत हुती!”

“हे कशावरून?” दिव्याने विचारलं. सवय वाईट असते.

उत्तर मागून आलं. दिव्याची आई दुर्गाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

“उदगीरला मला बघायला आले, तेव्हा हे पर्मनंट होते,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या. “लग्न करून इथं आले तर नवरा महिनाभर घरात. म्हणलं, सुट्टी लई मिळते वाटतं कंपनीत!”

अण्णासाहेबांना ठसका लागला. उद्धवराव हळूच खाली बसले.

“फुडं झालो की पर्मनंट,” ते पुटपुटले.

“झालात की. पर मला कळलं हळद उतरल्यावर.”

आधी सोजराबाई हसल्या, मग सगळेच. हसू ओसरलं तेव्हा आतून सगळं ऐकत असलेली विजयश्री बाहेर आली. तिने समर्थला एकच विचारलं, “ह्यापुढे मी जे विचारेन ते असंच खरं सांगाल?” त्याने मान हलवली. “मग मला चालेल,” ती म्हणाली. तिला खरंच तो आवडला होता.

उद्धवरावांनी चहाचा कप उचलला. एवढ्या लोकांत शोभा झाल्यावर माणसाने निदान एका मुद्द्यावर तरी अडून बसावं, असं त्यांना वाटलं असणार. “तरी बी सांगतो, दिव्या, तू सायन्सच घे. इतिहासानं घरात शांतता राहत न्हाई.”

“न्हाई, माय. तू इतिहासच घे,” दुर्गाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “माझ्या वेळी माहेरात एक जण जरी इतिहास शिकलेलं असतं ना, तरी मी यांना होच म्हणले असते. पर समजून म्हणले असते.”