एक आखूड, एक लांब

आगगाडीचं ते छोटं इंजिन बाबांनी आणि मी करायला घेतलं, तेव्हा मी शाळेत होते. बाबा खऱ्या इंजिनाचे ड्रायव्हर. पंधरवड्यातून एखादीच दुपार त्यांना मोकळी मिळायची. "घाई कशाला?" म्हणायचे, "इंजिन काय पळून जातंय?" चाकं झाली, बॉयलर अर्धा झाला, आणि बाबा गेले.

पुढे एक्स-रे काढायची नोकरी, घर, मुली. रविवारी जेवणं उरकली की मला जेमतेम पाऊण तास मिळायचा. तेवढ्यात ते अर्धवट इंजिन काढायचं, कानशीने घासघास घासायचं नि पुन्हा झाकून ठेवायचं. अकरा वर्षं लागली.

परवाच्या रविवारी मुली बाहेर गेल्या होत्या, घरात आई आणि मी दोघीच. बॉयलरमध्ये पाणी भरलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला. वाफ धरली आणि टेबलावरच्या रुळांवर इंजिन खरोखरच धावू लागलं. मला भरून आलं.

तिसऱ्या फेरीला शिट्टी झाली. एक आखूड, एक लांब.

घरामागच्या रेल्वे फाटकातून गाडी नेताना बाबा अशीच शिट्टी द्यायचे. ती ऐकली की आई चहाचं आधण ठेवायची.

"अगदी हुबेहूब जमलीय गं!" म्हणत आई हसतच स्वयंपाकघरात गेली.

इंजिनाला शिट्टी मी अजून बसवलीच नव्हती.

घाईघाईने दिवा विझवला. इंजिन थांबलं.

"बंद का केलंस?" आईने आतून विचारलं. "तीन कप ठेवलाय."

दाराबाहेरच्या पायपुसण्यावर कुणीतरी सावकाश बूट घासत होतं.